रात्रीचा दिवस करायचा नाही: अंधारातल्या फोटोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीच्या फोटोंचा नाद लागलेल्यांना आणि लागू पाहणाऱ्यांना पडणारे हे प्रश्न. यातले निम्मे मला स्वतःला पडले होते आणि त्यांची उत्तरं बिघडलेल्या फोटोंनी दिली. हे सगळं हौसेपुरतं आहे, पैसे घेऊन केलेल्या कामाचं गणित वेगळं असतं.

यासाठी महागडा कॅमेरा लागतो का?

नाही. ट्रायपॉड लागतो. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ स्वतःच्या हाताने ठरवता येतील असा कुठलाही कॅमेरा चालेल, दहा-बारा वर्षं जुना असला तरी. (शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं, आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा.) समोरचं दृश्य जागचं हलणार नसेल, तर उजेड कितीही कमी असो, शटर जास्त वेळ उघडं ठेवून तो गोळा करता येतो. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, म्हणून आधी ट्रायपॉड.

त्यानंतर पैसे घालायचेच तर लेन्समध्ये घाला. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स फार तर एफ/३.५ पर्यंत उघडते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं) आणि ५० मिमीच्या आसपास नेली की एफ/५.६ पर्यंत आखडते. ५० मिमीची साधी, झूम नसलेली लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. त्याच जागी उभं राहून आठ-दहा पट उजेड आत येतो. नवा कॅमेरा घेऊन एवढी झेप मिळत नाही.

मोबाइलवर रात्रीचे चांगले फोटो निघतात का?

निघतात, आणि दरवर्षी आणखी चांगले निघताहेत. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर ‘नाइट साइट’ आणलं, २०१९ मध्ये आयफोन ११ वर ‘नाइट मोड’ आला, आणि आता जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये तशी सोय असते. फोन शटर बराच वेळ उघडं ठेवून एकच लांब एक्सपोजर घेत नाही. तो लागोपाठ बरेच छोटे फोटो घेतो, हाताची थरथर हिशेबात धरून ते एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. फोन टेकवून ठेवला की त्याला आपला हात हलत नसल्याचं कळतं आणि तो जास्त वेळ घेतो. म्हणून फोनसाठीसुद्धा छोटा ट्रायपॉड घ्या, फरक लगेच दिसेल.

मर्यादा सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आकाराची आहे. मोठ्या कॅमेऱ्यांतला ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतं. बाकीची कसर सॉफ्टवेअर भरून काढतं. फोनच्या दुसऱ्या-तिसऱ्या लेन्समागचे सेन्सर बहुधा याहूनही लहान असतात, म्हणून रात्री शक्यतो मुख्य लेन्सच वापरा.

नाइट मोडमध्ये रस्ता दुपारसारखा दिसतो. असंच अपेक्षित आहे का?

फोनला तेच अपेक्षित आहे. ‘रात्रीचा दिवस करणं’ हा वाक्प्रचार तो अक्षरशः खरा करून दाखवतो. कॅमेऱ्याचा ऑटो मोडही तसाच वागतो, कारण प्रकाशमापन समोरचं दृश्य मध्यम करड्याच्या पातळीवर आणायला बघतं. काळोखी गल्ली त्याच्या दृष्टीने चुकलेली गल्ली असते.

उपाय सोपा आहे. फोनवर फोकससाठी बोट टेकवल्यावर शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळा करायची सोय) -१ किंवा -१.५ करा. मग दिव्याखालचा माणूस दिसेल आणि मागची भिंत काळोखात जाईल. भिंतीवर काय होतं ते बघणाऱ्याला कळलं नाही तरी चालतं. रात्रीच्या फोटोत मी आधी काय दिसू द्यायचं नाही ते ठरवतो. या छंदात मला खरा रस आहे तो याच निर्णयात. बाकी तंत्र दोन-चार महिन्यांत जमून जातं.

सुरुवात किती वाजता करावी?

काळोख व्हायच्या आधी. सूर्य मावळला की लगेच रात्र होत नाही. तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश, मग १२ अंशांपर्यंतचा, मग १८ अंशांपर्यंतचा, आणि त्यानंतर खरा काळोख. पहिल्या टप्प्याच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला आकाश गडद निळं असतं आणि खिडक्या-रस्त्यांतले दिवे लागलेले असतात. दोन्हींची उजळता जवळपास सारखी होते, त्यामुळे एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही नीट बसतात. तासाभराने तोच फोटो काढायला जाल तर वर नुसतं काळं फडकं आणि खाली जळून पांढरे झालेले दिवे.

ही वेळ किती टिकते ते अक्षांशावर अवलंबून आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. ध्रुवांकडे सरकावं तशी ती लांबत जाते. तेव्हा ट्रायपॉड उभा करून, फ्रेम पक्की करून मग वाट बघा. (त्या वेळचा डोक्यावरचा गडद निळा रंग बराचसा वातावरणातल्या ओझोनमुळे येतो. तो तिरप्या प्रकाशातला नारिंगी भाग शोषून घेतो.) पहाटे झुंजुमुंजू होताना हेच उलट्या क्रमाने घडतं, आणि तेव्हा रस्तेही मोकळे असतात.

नेमके आकडे सांगा ना!

सांगतो, पण हे सुरुवातीचे आकडे आहेत. फोटो बघून पुढे-मागे करायचेच.

उजेड असलेला रस्ता, कॅमेरा हातात: एफ/२, १/६० सेकंद, आयएसओ १६००.
संध्याकाळचं निळं आकाश आणि शहर, ट्रायपॉडवर: एफ/८, ८ सेकंद, आयएसओ १००.
गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा: एफ/११, १५ सेकंद, आयएसओ १००.
पौर्णिमेच्या चांदण्यातलं माळरान: एफ/४, ३० सेकंद, आयएसओ ४००.
अमावास्येच्या रात्रीचे तारे: एफ/२.८, २० सेकंद, आयएसओ ३२००.

मिट्ट काळोखात चार-चार मिनिटांचे चाचणी फोटो काढत बसू नका. आयएसओ ६४०० करा आणि ४ सेकंदांचा फोटो घ्या. दिसायला खरबरीत असेल, पण फ्रेम बरोबर आहे का, उजेड पुरतोय का ते कळेल. पटलं की आयएसओ १०० वर आणा. संवेदनशीलता ६४ पट कमी झाली, म्हणून वेळ ६४ पट वाढवा: २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटं. डोंगरात थंडीने काकडत असताना हा हिशेब फार उपयोगी पडतो.

आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो ना?

हा समज इतका पक्का आहे की लोक आयएसओ ४०० च्या पुढे जायला घाबरतात आणि काळा, हललेला फोटो घेऊन घरी येतात.

फोटोत दिसणारे दाणे, म्हणजे नॉईज, मुख्यतः उजेड कमी मिळाल्याने येतो. प्रकाश थेंबाथेंबाने पडतो आणि त्या पडण्यात स्वाभाविक चढउतार असतो. थेंब भरपूर असतील तर तो चढउतार जाणवत नाही, मोजके असतील तर डोळ्यांवर येतो. आयएसओ या मिळालेल्या उजेडाला फक्त मोठं करून दाखवतो आणि त्यासोबत नॉईजही मोठा दिसतो. म्हणून आयएसओ ४०० वर काळा फोटो काढून घरी सॉफ्टवेअरमध्ये तीन स्टॉप (म्हणजे आठपट) उजळवला, तर तो आयएसओ ३२०० वर नीट काढलेल्या फोटोपेक्षा स्वच्छ निघत नाही; पुष्कळ कॅमेऱ्यांत उलट आणखी मळकट निघतो.

क्रम असा ठेवा: विषय हलत नसेल तर शटरचा वेळ वाढवा, तो वाढवता येत नसेल तर अ‍ॅपर्चर उघडा, तेही संपलं की आयएसओ बिनधास्त चढवा. दाणेदार फोटो बघता येतो, हललेल्याला काही इलाज नसतो.

अजून एक युक्ती. ट्रायपॉडवरून तीच फ्रेम १६ वेळा घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढा. नॉईज एक चतुर्थांशावर येतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. फोनचा नाइट मोड याच जोरावर चालतो.

लांब एक्सपोजरनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो. बिघडलाय का?

बिघडलेला नाही. ‘लाँग एक्सपोजर नॉईज रिडक्शन’ चालू आहे. तापलेल्या सेन्सरवर उमटणारे रंगीत ठिपके काढण्यासाठी कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. एकट्यादुकट्या फोटोला चालू ठेवा, ओळीने फोटो घेताना बंद करा.

अंधारात ऑटोफोकस पकडतच नाही. काय करू?

ऑटोफोकसला उजेड आणि कडा लागतात. फ्रेममधल्या दिव्याच्या कडेवर, पाटीवरच्या अक्षरांवर फोकस धरून बघा. नाहीच जमलं तर लेन्स मॅन्युअलवर टाका, स्क्रीनवर एखादा ठळक तारा किंवा दूरचा दिवा दहापट मोठा करा आणि तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. लेन्सवर छापलेल्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या थोड्या पुढेही फिरतात, आणि तापमान उतरलं की फोकसची जागाही किंचित सरकते.

जमलं की रिंगवर चिकटपट्टी लावा. एकदा मी अडीच तास ताऱ्यांचे फोटो घेतले. मधे कधीतरी हातमोज्याचा धक्का रिंगला लागला होता. घरी येऊन बघतो तर पहिले अकरा फोटो टोकदार आणि बाकी सगळे ताऱ्यांऐवजी शेवेवरच्या बुंदीसारखे. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने एक फोटो मोठा करून बघतो.

ट्रायपॉडवर लावूनही फोटो हलतो. असं का?

बटण दाबताना तुम्हीच हलवता. २ सेकंदांचा टायमर लावा किंवा रिमोट वापरा. आरसा असलेला कॅमेरा असेल तर आरसा आधी उचलून ठेवायची सोय वापरा. वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळून ठेवा, आणि दांड्याला पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी अडकवा. लोंबती पिशवी झोके घेते. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. नव्या लेन्स स्वतःच ओळखतात म्हणे, पण मी बंदच करतो. पुलावर उभे असाल तर गाडी गेल्यावर पूल थरथरायचा थांबेपर्यंत थांबा.

ट्रायपॉड नसेल, किंवा लावू देत नसतील तर?

कठडा, पायरी, बाक, खांब. जाकीट घडी करून त्यावर कॅमेरा ठेवा. नुसत्या हाताने घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकवा, कोपर पोटाशी घ्या, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा आणि एकाऐवजी पाच फोटो ओळीने घ्या. त्यातला मधला एखादा बहुतेक वेळा स्थिर निघतो.

दिव्यांमुळे सगळं पिवळं, नाहीतर हिरवट दिसतं.

रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये फोटो काढा, म्हणजे व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते) नंतर बदलता येईल. जेपीईजीमध्ये ती मोकळीक फारच कमी उरते. साध्या तारेच्या बल्बचा प्रकाश साधारण २८०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका पिवळा) आसपास असतो, एलईडी ३००० पासून ६५०० पर्यंत काहीही, आणि एकाच चौकात हे सगळे एकत्र नांदतात. सगळे रंग एकाच वेळी ‘बरोबर’ होणार नाहीत. फ्रेममधल्या मुख्य दिव्यापुरता बॅलन्स ठरवा आणि बाकीचे रंगीत राहू द्या. त्यातच मजा असते.

एक अपवाद आहे. जुन्या, कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा पिवळा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, सुमारे ५८९ नॅनोमीटर. त्याच्याखाली लाल गाडी आणि हिरवी गाडी यांत फरकच उरत नाही. जो रंग पोचलाच नाही तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? असा फोटो कृष्णधवल करा, बहुतेक वेळा सुंदर दिसतो.

फोटोवर आडवे पट्टे का येतात?

विजेच्या दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० किंवा १/१२०. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरलं तरी पट्टे बरेच कमी होतात.

दिव्यांभोवती चांदणीसारखे किरण कसे आणतात? आणि हे हिरवे ठिपके कुठून आले?

अ‍ॅपर्चर एफ/११ ते एफ/१६ करा. लेन्सचं भोक बनवणाऱ्या पात्यांच्या सरळ कडांवर प्रकाश वळतो आणि किरण फुटतात. पाती सम संख्येत असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट: आठ पात्यांची लेन्स आठ किरण देते, सात पात्यांची चौदा.

हिरवे ठिपके बहुतेक वेळा पुढे लावलेल्या काचेच्या फिल्टरचा प्रताप असतो. फिल्टर आणि सेन्सर यांच्यात प्रकाश आपटतो आणि दिव्याचं भूत फ्रेमच्या मध्याच्या विरुद्ध बाजूला उमटतं. रात्री फिल्टर काढून ठेवा.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसलेला फोटो घरी काळा का निघतो?

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मंद स्क्रीनसुद्धा लखलखीत वाटते. स्क्रीनची उजळता कमी करा आणि निर्णय हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख, बघून घ्या. आलेख पूर्ण डावीकडे चिकटला असेल तर फोटो काळा आहे, डोळे काहीही म्हणोत.

जाता जाता: डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने ते सगळं पाण्यात जातं. मंद लाल प्रकाश वापरा, रात्री काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही.

तारे टिंबासारखे हवेत. शटर किती वेळ उघडं ठेवू?

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे तारे सरकतात आणि लेन्स जितकी लांबची तितकं ते सरकणं जास्त दिसतं. जुना ठोकताळा असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे मिमीच्या आकड्याने, भागा. २४ मिमीला साधारण २० सेकंद, ५० मिमीला १०. सेन्सर लहान असेल तर आधी फोकल लेंग्थला क्रॉप फॅक्टरने (फुल फ्रेम त्याच्या किती पट रुंद आहे त्या आकड्याने) गुणा. दीडपटीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर २४ मिमीला १४ सेकंदच मिळतात. हा ठोकताळा फिल्मच्या आणि छोट्या छपाईच्या काळातला आहे. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर फोटो मोठा करून बघितला की २० सेकंदांतही तारे लांबुळके दिसतात. मी ५०० ऐवजी ३०० धरतो. ध्रुवाजवळचे तारे कमी सरकतात, तिथे थोडी सूट मिळते.

आकाशगंगा कधी दिसते?

तिचा सगळ्यांत तेजस्वी, फुगीर भाग धनू राशीकडे, मूळ नक्षत्राच्या जवळ आहे. उत्तर गोलार्धात मार्चमध्ये तो पहाटे उगवतो, जून-जुलैत जवळजवळ रात्रभर असतो आणि ऑक्टोबरात संध्याकाळीच मावळतो. दक्षिण गोलार्धात तो आणखी वर, डोक्याजवळ येतो. कुठलाही तारा रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्यात दोन तास. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या महिन्याचं नियोजन अ‍ॅपशिवायही करता येतं.

चंद्र नको. अमावास्येच्या आगेमागे जा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि वद्य अष्टमीचा तेव्हाच उगवतो, त्यामुळे अष्टमीलाही अर्धी रात्र हाती लागते. शहराच्या उजेडावर मात्र तोड नाही. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची १ ते ९ अशी श्रेणी मांडली. ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. ४ किंवा त्याहून काळोखी जागा गाठा, पाचच्या पुढे फोटोपेक्षा एडिटिंगच जास्त करावं लागतं.

ताऱ्यांची वर्तुळं एकाच तासाभराच्या फोटोत काढतात का?

फिल्मवर तसंच काढत. आता ३० सेकंदांचे १२० फोटो ओळीने घेतात आणि स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करतात. प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ पिक्सेल ठेवला जातो आणि १५ अंशांचे कंस तयार होतात. मधेच कुणी टॉर्च मारला तर तेवढाच एक फोटो गळतो, सगळी रात्र फुकट जात नाही. नॉईज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर रेषांऐवजी तुटक टाके दिसतील. उत्तर गोलार्धात मध्य ध्रुवताऱ्याजवळ येतो. बारकाईने बघितलंत तर ‘अढळ’ ध्रुवही छोटासा कंस काढताना सापडेल, कारण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे.

चंद्र नेहमी पांढऱ्या टिकलीसारखा का येतो?

कारण चंद्रावर ऊन पडलेलं असतं आणि तुम्ही त्याला रात्र समजून फोटो काढता. पूर्ण चंद्रासाठी जुना नियम एफ/११ आणि आयएसओएवढा शटर: आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. अर्ध्या चंद्राला बरंच जास्त एक्सपोजर लागतं.

टिकलीएवढा दिसतो कारण तो आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. २०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे १.८ मिमीची पडते. चंद्र आणि जमीन दोन्ही हवे असतील तर चतुर्दशीची संध्याकाळ धरा. चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधी उगवतो, जमिनीवर अजून उजेड असतो आणि दोघांचं एक्सपोजर जुळतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या फोटोग्राफरनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेला चंद्र अशाच उतरत्या उजेडात टिपला. त्या घाईत त्यांना लाइट मीटर सापडेना. चंद्राची उजळता किती असते ते पाठ होतं, त्यावरून त्यांनी एक्सपोजर काढलं.

दुसऱ्या फोटोतला मोठा चंद्र आणून चिकटवणाऱ्यांबद्दल: हौस म्हणून करा, पण तसं सांगा.

टॉर्चने ‘रंगवलेले’ फोटो कसे काढतात?

माझा सर्वांत आवडता प्रकार. एफ/८, आयएसओ १००, ३० सेकंद. शटर उघडं असताना टॉर्च घेऊन फ्रेममध्ये शिरा आणि झाडावर, भिंतीवर, पडक्या गाडीवर उजेड फिरवा. गडद कपडे घातलेत आणि हलत राहिलात तर तुम्ही फोटोत दिसत नाही. अंगावर उजेड घेतलात किंवा टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे वळलं तर मात्र उमटता. मुद्दाम वळवलंत तर हवेत अक्षरं काढता येतात (आरशातल्यासारखी उलटी येतील, नंतर फोटो पलटवा).

नवशिके कॅमेऱ्याशेजारी उभे राहून समोर झोत मारतात आणि झाड पुठ्ठ्यासारखं सपाट येतं. बाजूला जा, दहा-पंधरा पावलं, आणि तिरपा उजेड टाका. सालीच्या भेगा उठून येतात. झोत एका जागी थांबवू नका, भिंतीला चुना लावावा तसा सलग फिरवत ठेवा. खोडाला दहा सेकंद, फांद्यांना चार, मागच्या झुडपाला काहीच नाही. पहिले पाच-सहा फोटो बिघडतात. सातव्याला हाताला अंदाज येतो, आणि मग घरी जावंसं वाटत नाही.

हा खेळ जुना आहे. शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या एतियेन-जूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी १८८९ मध्ये चालणाऱ्या माणसाच्या अंगावर दिवे लावून त्यांच्या रेषा टिपल्या होत्या. १९४९ मध्ये ग्योन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर पिकासोने छोट्या दिव्याने हवेत चित्रं काढली. पेटवलेला लोखंडी काथ्या गरगर फिरवून ठिणग्यांचे फोटो काढणारेही आहेत. त्या ठिणग्या म्हणजे जळतं लोखंड असतं. वाळल्या गवतात एक पडली तरी पुरे. मी करत नाही, तुम्हीही करू नका.

काजव्यांचे फोटो?

दिवेलागणीला, थोडा उजेड असताना, झाडांचा एक फोटो घेऊन ठेवा. मग कॅमेरा न हलवता एफ/२, आयएसओ १६००, २० ते ३० सेकंदांचे बरेच फोटो घ्या आणि एकत्र करा. फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद, फोनची स्क्रीनसुद्धा. काजवे त्या चमकण्यातून जोडीदार शोधतात आणि अनेक जातींच्या माद्या खाली गवतात बसलेल्या असतात. पायवाट सोडू नका.

रात्री माणसांचे फोटो काढताना फ्लॅश वापरावा का?

कॅमेऱ्यावरचा सरळ फ्लॅश नको, चेहरा पांढरा आणि मागे काळी भिंत. दुकानाची काच, फोनची स्क्रीन, बसथांब्याचा दिवा, यांच्याकडे तोंड करून माणसाला उभं करा. फ्लॅश हवाच तर ‘रिअर कर्टन’वर (म्हणजे शटर बंद होता होता उडेल असा) ठेवून शटर १/८ सेकंद करा, मागचे दिवे सावकाश उमटतात आणि शेवटी चेहरा गोठतो. अनोळखी माणसाला आधी विचारा. उजेड असलेल्या खिडकीतून आत दिसणारं घर हे कुणाचं तरी घर आहे, ते लेन्ससाठी उघडलेलं नाही.

लेन्सवर दव बसतं. पुसू का?

पुसलं तरी दोन मिनिटांत पुन्हा बसतं. काच हवेपेक्षा थंड झालेली असते, तिला किंचित गरम ठेवणं हाच उपाय. यूएसबीवर चालणारा पट्टा मिळतो, नाहीतर हात गरम ठेवायची पुडी रबरबँडने लेन्सला बांधा. थंडीतून घरी आल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बंद पिशवीतच कॅमेरा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा.

फिल्मवर करता येतं का?

येतं, पण फिल्मचा हिशेब सरळ नाही. शटर सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. मीटरने १० सेकंद सांगितले तर कित्येक फिल्मना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. फिल्मसोबतच्या तक्त्यात ते दिलेलं असतं. १९३०च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपणारे ब्रासाई सिगारेट जळायला लागणाऱ्या वेळावर एक्सपोजर मोजायचे. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८५० मध्ये, हार्वर्डच्या वेधशाळेत व्हिपल आणि बॉन्ड यांनी दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा तो पहिला फोटो.

एकट्याने जावं का?

नवीन जागी नाही. जागा आधी दिवसा बघून या. विहिरी, कडे, कुंपणाच्या तारा, कुत्री दिवसा दिसतात. कुठे जाताय ते घरी सांगा. रेल्वेरुळांवर आणि वाहत्या रस्त्यात ट्रायपॉड लावायचा नाही, फोटो कितीही चांगला येणार असला तरी. लेझर शोमध्ये लेन्सवर सरळ किरण येऊ देऊ नका, सेन्सर कायमचा भाजतो.

घरी आल्यावर पहिलं काम काय?

झोपायच्या आधी आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकसचं बटण पूर्ववत करा, रिंगवरची चिकटपट्टी काढा, टायमर बंद करा आणि बॅटरी चार्जिंगला लावा. एकदा मी हे सकाळवर ढकललं. सकाळी पुतणीने तोच कॅमेरा उचलून भर उन्हात आख्ख्या कुटुंबाचे फोटो काढले, आयएसओ ६४०० वर, मॅन्युअल फोकस अनंतावर. प्रत्येक फोटोत मागचा डोंगर तेवढा रेखीव आला आहे.